दर सोमवारी उतरणारी बॅटरी

सांगलीतील एका हळदीच्या अडत पेढीच्या मालकांना घरी आणि बाजारात सर्वजण अण्णा म्हणतात. गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी त्यांच्या वृद्ध मातोश्रींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सकाळी सात वाजता मिरजेच्या रुग्णालयात पोहोचवावयाचे होते. आजी शाल पांघरून मागील आसनावर बसल्या, थोरल्या चिरंजीवांनी किल्ली फिरविली आणि बॉनेटखालून केवळ ‘टक टक टक’ असा कोरडा आवाज आला. समोरच्या पट्टीवरील दिवे क्षणभर उजळून मंदावले. शेजाऱ्यांना झोपेतून उठवून, त्यांच्या गाडीला जंपर केबल जोडून निघेपर्यंत पाऊण तास गेला. शस्त्रक्रिया त्याच दिवशी पार पडली. पण आजींचा क्रमांक शेवटी गेला आणि दुपारपर्यंत त्यांना बाकावर बसून राहावे लागले.

त्या संध्याकाळी घरातील सर्व रोष बॅटरीच्या विक्रेत्यावर होता आणि वरकरणी तो योग्यही वाटत होता. गाडीबरोबर आलेली मूळ बॅटरी पाच वर्षे निर्वेध चालली. दुसरी दीड वर्षात निकामी झाली; ती वॉरंटीत बदलून मिळाली. ही तिसरी, अवघ्या चार महिन्यांची. प्रत्येक वेळी विक्रेता बॅटरी ठेवून घेई, रात्रभर चार्ज करी, यंत्र लावून तपासे आणि ‘बॅटरीत काही दोष नाही’ असे सांगून परत देई. दोष नाही तर गाडी का सुरू होत नाही, हा अण्णांचा प्रश्न होता. आता दुसऱ्या कंपनीची चौथी बॅटरी घ्यावयाची, असे त्यांनी ठरवूनही टाकले होते.

विक्रेता खरे बोलत होता. मात्र त्याचे खरे बोलणे अपुरे होते, कारण तो केवळ बॅटरी तपासत होता, गाडी नव्हे.

बॅटरी वीज निर्माण करून पुरवीत राहणारे यंत्र नाही. ती वीज साठविण्याची कोठी आहे. इंजिन सुरू असताना पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर, ज्याला जुने मिस्त्री अद्याप डायनॅमोच म्हणतात, तिच्यात वीज जमा करतो. सेल्फ, दिवे, भोंगा, वातानुकूलनाचा पंखा आणि संगीतयंत्र तिच्या नावे खर्च टाकतात. शिल्लक संपली याचा अर्थ तिजोरी फुटकी आहे असा होत नाही. जमा कमी पडत असेल, खर्च नकळत होत असेल, देवाणघेवाणीच्या वाटेतच अडथळा असेल किंवा खरोखरच तिजोरी जीर्ण झाली असेल. या चार शक्यतांपैकी शेवटची तेवढी नवी बॅटरी घेऊन दूर होते. उरलेल्या तिन्हींत नवी बॅटरी काही महिने दोष झाकते आणि नंतर स्वतःही त्याच वाटेने जाते. अण्णांच्या घरी हेच दोनदा घडले होते.

निदानाची पहिली पायरी कोणत्याही उपकरणाशिवाय चढता येते. किल्ली फिरविल्यावर नेमके काय होते, याकडे लक्ष द्यावे. भराभर टकटक आवाज येऊन दिवे मंदावत असतील तर दाब कमी आहे, म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलची पकड सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक’ होऊन पुढे काही होत नसेल आणि दिवे मात्र लख्ख असतील, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जोडणीवर घ्यावा. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीचा संबंधच नसतो. तिथे इंधन किंवा ठिणगीचा प्रश्न असतो. अशा गाडीचा सेल्फ पुन्हा पुन्हा मारून चांगली बॅटरी उतरविणारे लोक पुष्कळ आहेत.

दुसरा प्रश्न याहून मोलाचा आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. बॅटरी उतरते ती केव्हा, आणि गाडी किती वेळ उभी राहिल्यावर?

अण्णांच्या घरी हा प्रश्न त्यांच्या सूनबाईंनी सोडविला. पेढीचे हिशेब त्या पाहतात. विक्रेत्याला बॅटरी चार्ज करण्याचे किती पैसे दिले गेले, हे काढण्यासाठी त्यांनी मागील वर्षाची रोजकीर्द चाळली. सात नोंदी सापडल्या. त्यांतील सहा सोमवारच्या होत्या आणि सातवी दिवाळीच्या सुट्टीनंतर पेढी उघडली त्या दिवसाची.

“अण्णा, बॅटरी खराब असती तर ती वार बघून बंद पडली नसती,” त्या म्हणाल्या. “रविवारी गाडी जागची हलत नाही. त्या दिवशी तिच्यातलं काहीतरी गळतंय.”

अण्णांनी कीर्द स्वतः दोनदा पाहिली. चौथ्या बॅटरीचा विषय त्या रात्रीपुरता मागे पडला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातील एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनला निरोप गेला.

मिस्त्रींनी काय काय पाहिले, ते क्रमाने सांगण्यासारखे आहे. कारण त्यांतील बराच भाग एक साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ असल्यास कोणालाही घरी पाहता येतो. गाडीतील सामान्य बॅटरी शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांची बनलेली असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली सिद्ध केलेली ही रचना तत्त्वतः आजही तीच आहे. तिच्यात सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा २ व्होल्टपेक्षा थोडा अधिक दाब देतो. म्हणून ‘१२ व्होल्ट’ म्हटली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. अर्ध्या व्होल्टचा फरक दिसायला क्षुल्लक, पण त्यात निम्म्याहून अधिक शिल्लक संपते. हे मोजमाप गाडी काही तास स्वस्थ उभी राहिल्यानंतर घ्यावे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर मीटर फसवे समाधान देतो.

मिस्त्रींच्या मीटरवर आकडा आला ११.८. त्यांनी तिथे न थांबता टर्मिनल पाहिले. अनेक गाड्यांत तिथे पांढरट-हिरवट भुकटी साचलेली असते आणि ती विजेची वाट अडविते. अशी गाडी धक्का दिल्यावर किंवा टर्मिनलवर हलकेच ठोकल्यावर सुरू होते, व मालक बॅटरीलाच दोष देत राहतो. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात मिसळून जुन्या ब्रशाने ती भुकटी काढावी, पकड घट्ट करावी आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. अण्णांच्या गाडीचे टर्मिनल स्वच्छ होते. दर वेळी बॅटरी काढल्याने ते आपोआप घासले गेले होते.

त्यानंतर दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गाडी सुरू करून त्यांनी अल्टरनेटर तपासला. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. इंजिन चालू असूनही आकडा साडेबाराच्या आसपासच रेंगाळत असेल, तर जमेचाच खोळंबा आहे: पट्टा सैल असेल, अल्टरनेटरचे कार्बन झिजले असतील, किंवा त्याचा नियामक बिघडला असेल. उलट १५ च्या वर जात असेल तर बॅटरी अति भरून तिचे पाणी उडते. या गाडीत १४.१ मिळाले, पुढील दिवे आणि एसी लावल्यावर १३.८. जमेची बाजू निर्दोष निघाली. काही अलीकडच्या गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी संगणकच अल्टरनेटरचा दाब वरखाली करीत असतो. अशा गाडीत एका आकड्यावरून अल्टरनेटरला बाद ठरवू नये, पुष्कळ चांगले अल्टरनेटर या घाईत भंगारात गेले असतील.

आता उरला नकळत होणारा खर्च. बंद गाडीही थोडी वीज घेतच असते. घड्याळ, कुलपाची यंत्रणा, संगणकाची स्मृती यांना मिळून साधारणतः ०.०५ ॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह क्षम्य मानला जातो. एवढ्या खर्चाने चांगली बॅटरी दोन-तीन आठवडे तग धरते. तो मोजण्यासाठी मिस्त्रींनी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडविली आणि ती तार व टर्मिनल यांच्या मधोमध मीटर प्रवाह मोजण्याच्या स्थितीत जोडला. दरवाजे बंद, डिकी बंद, किल्ली घरात दूर ठेवलेली. मग त्यांनी चहा मागितला.

हा चहा अनाठायी नव्हता. गाडी बंद केल्यावर तिच्यातील संगणकांना पूर्ण निद्रिस्त होण्यास अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून अधिक वेळ लागतो. तत्पूर्वी मोजलेला आकडा मोठा येतो आणि निष्पाप भागांवर संशय जातो. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवून सेल्फ मात्र कदापि मारू नये. सेल्फ शंभर-दीडशे ॲम्पिअर ओढतो आणि साधा मीटर दहापर्यंतच सोसतो.

अर्ध्या तासाने मीटरवर ०.४५ ॲम्पिअर होते.

सूनबाईंनी तिथेच हिशेब मांडला. शनिवारी रात्री आठ ते सोमवारी पहाटे सहा म्हणजे ३४ तास, ०.४५ ने गुणता सुमारे १५ ॲम्पिअर-तास. बॅटरीची क्षमता ३५. पण ती शनिवारी पूर्ण भरलेली असेल तर ना! घर ते पेढी अंतर अडीच किलोमीटर. सकाळी जाणे, दुपारी जेवायला येणे, पुन्हा जाणे, रात्री परत. प्रत्येक फेरी दहा मिनिटांची, तीही सिग्नलवर थांबत. दिवसभराच्या या चाळीस मिनिटांत दिवसरात्र झालेली गळती भरून निघत नव्हती. आठवड्यात एखाद-दुसऱ्या वेळी वसुलीसाठी तासगावकडे फेरी होई, तेवढ्यावर बॅटरी सावरत असे. शनिवारी ती निम्मीच असणार. सतरातून पंधरा गेले, की सोमवारी दोन.

“वहिनींनी निम्मं काम आधीच केलंय,” मिस्त्री म्हणाले.

उरलेले निम्मे त्यांनी फ्यूजपेटी उघडून केले. एकेक फ्यूज काढावयाचा, मीटर पाहावयाचा, पुन्हा बसवावयाचा. ज्या फ्यूजबरोबर आकडा कोसळतो, त्याच्या वाटेवर चोर असतो. संगीतयंत्राचा फ्यूज काढला, फरक नाही. बाहेरून बसविलेली संगीतयंत्रे, समोरचा रस्ता टिपणारे कॅमेरे आणि गाडीचा माग दाखविणारी उपकरणे चुकीच्या तारेवर जोडली गेली, तर रात्रंदिवस वीज घेतात. म्हणून मिस्त्रींचा पहिला संशय तिथेच होता. कुलपांचा फ्यूज काढला, फरक नाही. आतील दिव्यांचा फ्यूज निघताच आकडा ०.०३ वर आला. छताचा दिवा तर डोळ्यांदेखत बंद होता. या वाटेवर राहिला तो डिकीतला दिवा.

बंद डिकीतील दिवा विझतो की नाही हे पाहावे कसे? सूनबाईंनी स्वतःचा मोबाइल चित्रीकरणावर लावून डिकीत ठेवला आणि झाकण लावले. मिनिटभराने काढून पाहिले तर चित्रफितीत दिवा अखंड तेवत होता. डिकीच्या कोपऱ्यातील ज्या बटणावर झाकण दाबले गेले की दिवा विझतो, ते बटण वाकले होते. हळदीच्या नमुन्यांची पोती आत सरकविताना ते केव्हातरी दुखावले असावे. झाकण नीट बंद होत असे, कुलूपही लागत असे. फक्त बटण दाबले जात नसे. पाच वॅटचा तो दिवा, म्हणजे जेमतेम ०.४ ॲम्पिअर, जवळपास दोन वर्षे जळत होता.

दुसरी बॅटरी त्यानेच मारली. शिशाच्या पट्ट्या वारंवार पूर्ण रिकाम्या झाल्या किंवा दीर्घकाळ अर्धवट भरलेल्या राहिल्या, की त्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि पुढे कितीही चार्ज केले तरी ते पुरते विरघळत नाहीत. कोठीचा आकारच आक्रसतो. वॉरंटीत विक्रेत्याने ती बदलून दिली हा त्याचा चांगुलपणा म्हणावा लागेल; वारंवार रिकामी झाल्याने आलेला बिघाड प्रत्येक कंपनी मान्य करतेच असे नाही.

सर्वच गाड्यांत डिकीचा दिवा सापडणार नाही, हे उघड आहे. रात्री उभी केलेली भरलेली बॅटरी सकाळीच रिकामी होत असेल, तर गळती कित्येक ॲम्पिअरची असते किंवा बॅटरीचा एखादा कप्पाच मेलेला असतो. गाडी बंद करून तीन-चार तास झाले तरी अल्टरनेटर हाताला कोमट लागत असेल, तर त्यातील डायोड निकामी होऊन प्रवाह उलट वाहत असल्याची शक्यता मोठी. महिनाभराच्या यात्रेहून परतल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर मात्र बहुधा दोष कशातच नसतो. इतक्या दिवसांत क्षम्य खर्चही बॅटरी रिकामी करतो. अशा वेळी जाण्यापूर्वी ऋण तार सोडवून ठेवावी किंवा घरी राहणाऱ्या कोणाला आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवून आणण्यास सांगावे. दारातच दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून फारसे काही जमा होत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही ही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही; नव्या गाडीच्या मालकांना याचे फार नवल वाटते.

आणि कधी बॅटरीच म्हातारी झालेली असते. आपल्याकडील उन्हाळा तिचे आयुष्य घटवितो. पूर्ण चार्ज करून विसावा दिल्यावरही सेल्फ मारताना दाब ९.६ च्या खाली जात असेल तर तिला निरोप द्यावा. झाकणाच्या बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी पाहावी, कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी नको, आणि आम्ल तर कधीच नको.

पहाटेच्या त्या घाईत शेजाऱ्यांच्या गाडीला केबल जोडताना चिरंजीवांनी एक चूक केली होती, ती मिस्त्रींनी बोलण्याच्या ओघात विचारून काढली. शेवटची काळी तार त्यांनी उतरलेल्या बॅटरीच्याच टर्मिनलला लावली होती. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि जोडणीची ठिणगी त्याला पुरेशी असते. म्हणून लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंगहीन धातूस, बॅटरीपासून दूर. काढताना क्रम उलटा. बॅटरी उतरवितानाही ऋण तार आधी सोडावी आणि बसविताना शेवटी जोडावी. हातातील अंगठी, कडे, बांगड्या काढूनच काम करावे. सोने विजेचे उत्तम वाहक आहे, आणि धन टोक व गाडीची धातू यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते.

मिस्त्रींनी वाकलेले बटण सरळ केले, झाकणाच्या आतील झिजलेला रबरी ठोकळा बदलला आणि पुन्हा मोबाइल आत ठेवून दिवा विझल्याची खात्री करून घेतली. रबराचे आणि मजुरीचे मिळून त्यांनी जे मागितले, ते विक्रेत्याकडील दोन वेळच्या चार्जिंगपेक्षा कमी होते. बॅटरी चार महिन्यांचीच असल्याने वाचली. मंद प्रवाहावर रात्रभर चार्ज करून ती पुन्हा बसविण्यात आली.

पुढील सोमवारी सकाळी सहा वाजता सूनबाईंनी मीटर लावून पाहिला. १२.५. त्यांनी तो आकडा तारखेसह वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवला आणि आजींना डोळे दाखविण्यासाठी गाडी वेळेवर मिरजेच्या रस्त्याला लागली. परतताना अण्णांनी गाडी बॅटरीच्या दुकानासमोर थांबविली. विक्रेता बाहेर आला तो काहीसा धास्तावूनच.

“बॅटरी नाही आणली,” अण्णा म्हणाले. “तुमचं बरोबर होतं, एवढं सांगायला आलो.”